लिव्हरवरचा हात

१

तुमसरात राईस मिलांची एक लांब रांग आहे, आणि त्या रांगेच्या पार शेवटी, जिथे डांबर संपून कोंड्याचे ढीग सुरू होतात, तिथे धनीरामचं गॅरेज. गॅरेज म्हणायचं आपलं. टिनाची शेड, पुढे शटर, आत एक ट्यूबलाइट. दिवाळी झाली, नवा धान बाजारात आला की मिला दिवसभर घरघरतात आणि कोंडा उडून जिथेतिथे बसतो. पान्यांवर बसतो, चहाच्या ग्लासात पडतो, धनीरामच्या भुवयांवर तर मुक्कामच ठोकतो. सकाळी नऊला तो शटर वर करायचा, कॅलेंडरला उदबत्ती ओवाळायचा आणि बसायला दोन पिढे काढायचा. दुसरा पिढा मार्चपासून रिकामाच होता, तरी काढायचा. एकतीस वर्षांची सवय, ती काय सांगून जाते होय?

तो पिढा तेजरामचा. दोघांनी मिळून हे गॅरेज टाकलं, दोघांनी मिळून म्हातारं केलं. मार्चमध्ये तेजरामचा मुलगा त्याला रायपूरला घेऊन गेला. "दोन महिन्यात येतो बे," म्हणून गेला तो गेलाच. घरीही सगळा सन्नाटा. बायको धुरपता चार वर्षांपूर्वी वारली, एकुलती रुचिता लग्न होऊन नागपूरला. शटर पाडून घरी जायचं, भात टाकायचा, टीव्ही लावायचा आणि टीव्हीतल्या माणसांशी भांडायचं, असा त्याचा संसार चालला होता.

सोमवारी अश्वजित आला. नाकाडोंगरीचा, शाळेत मास्तर. बापाची फटफटी टेम्पोत घालून आणली होती, बासष्ट सालची. चालवणाऱ्याची सीट वेगळी, खाली दोन जाड स्प्रिंगा, आणि मागे बसायला चौकोनी गादी.

"काका, हिचा क्लच नरम होईल का?"

"बिघडला का?"

"बिघडला नाही, तो जन्मापासून असाच हाये. लिव्हर सोडत जा, सोडत जा, काहीच होत नाही. अन् मंग एकदम अशी उडी मारते की मागचा माणूस खाली."

"मागं कोनाले बसवतो?"

"आईले." त्याच्या आईच्या, तुळसाबाईच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरनं सांगितलं होतं, झटका लागता कामा नये. रविवारी बापाचं वर्षाचं पुण्यानुमोदन. म्हातारी हटून बसली होती की विहारात जाईन तर ह्यांच्याच गाडीवर, नाहीतर घरीच बरी. "ऑटो आणतो म्हटलं, कार आणतो म्हटलं. ऐकतच नाही ना काका!"

धनीरामनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या. असं काम त्यानं आणि तेजरामनं आयुष्यात दोनदाच केलं होतं, आणि दोन्ही वेळा दोघांनी मिळून. तरी तो म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी घेऊन जाय."

त्या रात्री रुचिताचा फोन आला तेव्हा त्यानं ते सांगितलं, जरा फुशारकीनंच.

"बाबा, तुमचा खांदा वर होत नाही, डोळे गेले. इथं खोली रिकामी पडली हाये. काहून तिथं एकटे सडून राहिले?"

"हे पाय, हा क्लच जमला तर मी इथंच राहीन. अन् एकट्यानं नाही जमला, तर रविवारी ये अन् घेऊन जा मले. बस?"

"पलटायचं नाही मंग."

"नाही पलटत," धनीराम म्हणाला. नागपूरची ती खोली त्यानं पाहिली होती. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसायची.

२

तीन दिवस त्यानं मान वर केली नाही. जुन्या क्लचमध्ये चारच प्लेटा होत्या, बुचाच्या तुकड्यांनी मढवलेल्या, जाड आणि हट्टी. धरायच्या तर एकदम धरायच्या. त्यानं एका आजच्या गाडीच्या पातळ प्लेटा आणल्या आणि चाराच्या जागी सात बसवायच्या ठरवल्या. दाते जुळेनात, म्हणून एकेक दाता कानशीनं घासला. प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या कडांना साठ वर्षांच्या खाचा पडल्या होत्या, त्या सपाट केल्या. वरची दाबाची प्लेट काचेवर पॉलिश पेपर अंथरून तासन् तास फिरवली. स्प्रिंगा नरम घातल्या, प्लेटा रात्रभर तेलात भिजवल्या. असं काम आता करतं कोण? आता डबाच्या डबा बदलतात आणि हात धुऊन मोकळे होतात.

पण जोडून झालं म्हणजे झालं असं नाही. खरं काम त्याच्या पुढे. गाडी स्टँडवर उभी करायची, इंजिन चालू, गिअर पहिला, मागचा ब्रेक जरासा आवळून चाकाला ओझं द्यायचं. मग एकानं सीटवर बसून लिव्हर दाबायची आणि हळूहळू सोडायची. दुसऱ्यानं खाली उकिडवं बसून पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक क्लचच्या कव्हरला लावायचं, मूठ कानाला, आणि ऐकायचं. प्लेटा कुठे धरतात, सगळ्या सारख्या धरतात की एक आधी पळते, ते पेचकसातून कळतं. मग कव्हर उघडायचं, चार स्प्रिंगांचे चार नट पाव-पाव फेरा फिरवायचे, पुन्हा बंद, पुन्हा ऐकायचं. लिव्हर दोरीनं बांधून हे होत नाही, कारण सगळी गंमत हळू सोडण्यात आहे आणि दोरीला हळू सोडता येत नाही.

इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्या दोघांनी खुणा बसवल्या होत्या. खाली बसणारा पान्यानं गाडीच्या पाइपवर ठोकायचा. दोन टकटक म्हणजे दाब. एक टक म्हणजे सोड. आणि घाईघाईनं पाच-सहा टकटक म्हणजे उठ लेका, चहा. कानाला मूठ लावणारा नेहमी धनीराम, आणि लिव्हर नेहमी तेजरामची. तेजरामला एकच खोड होती. तो लिव्हर छान हळू सोडायचा आणि शेवटच्या बोटभर जागेत सोडून द्यायचा. धनीराम खालून बोंबलायचा, "हळू सोड ना बे!" एकतीस वर्षं बोंबलला, सुधारला नाही.

गुरुवारी दुपारी एकला मिलांचा भोंगा झाला. जेवणाच्या सुट्टीत मिला तासभर बंद असतात, ऐकायचं काम करायला तोच एक तास मिळतो. धनीरामनं इंजिन चालू केलं, रेस जरा वाढवून ठेवली, खाली बसला. एका हातानं पेचकस, दुसरा हात वर नेऊन लिव्हर धरून पाहिली. खांद्यामुळे डावा हात कानाच्या वर जाईना. ताणला तर मूठ कानापासून सुटे. दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा कळ मस्तकात गेली. तो तसाच बसून राहिला, डोळे मिटून, कान पेचकसाला. आत तेल सळसळत होतं, साखळी फिरत होती. बरं वाटत होतं ऐकायला. आणि ऐकता ऐकता डाव्या हातानं पाना उचलून पाइपवर कधी ठोकलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

टक टक.

आवाज बदलला. प्लेटा सुटल्या, साखळीचा सूर वर गेला, चाक मंदावलं.

टक.

प्लेटा हळूहळू जवळ आल्या. पहिल्या दोन खरखरत लागल्या, मग बाकीच्या, मग एक कुठली तरी उशिरा. "तिसऱ्या नटाले पाव फेरा पाहिजे," धनीराम मोठ्यानं म्हणाला. "पुन्हा घे." टक टक. टक. पुन्हा तेच, तीच एक उशिरा. "बरोबर! थांब तेजराम, खोलतो मी."

इंजिन बंद करून त्यानं पाना घेतला आणि मग त्याला आठवलं की सीटवर कोणी नाही.

३

आता धनीराम काही भोळाभाबडा नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांतले चमत्कार त्यानं उघडून पाहिले होते, आणि प्रत्येक चमत्काराच्या तळाशी कचरा नाहीतर ढिला नट निघाला होता. त्यानं केबल तपासली. नवी केबल कधी कधी आपोआप बसते, ताण सोडते. ही तशी नव्हती. लिव्हर दाबून पाहिली, तर नरम स्प्रिंगा घालूनही ती दाबायला चांगलं बळ लागत होतं. हादऱ्यानं दाबली जाईल अशातली बात नव्हती. शेवटी म्हणाला, उपाशी पोटी भास होतात. डबा उघडला, भात आणि लाखोळीचं वरण खाल्लं. खाताना पाठ भिंतीला लावून बसला होता, एवढं मात्र खरं.

नट पाव फेरा फिरवला. तो आपल्याला कसा कळला, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही.

शुक्रवारी एकच्या भोंग्याला पुन्हा बसला. ह्या वेळी डोळे टक्क उघडे, नजर लिव्हरवर. टक टक. काही नाही. पुन्हा ठोकलं. लिव्हर जागची हलेना. हसलाच तो, मोठ्यानं. "म्हातारा झाला तू धन्या," म्हणाला. मग कान पेचकसाला लावला आणि सवयीनं डोळे मिटले, कारण डोळे उघडे ठेवून त्याला कधी ऐकताच आलं नव्हतं.

टक टक.

प्लेटा सुटल्या.

मानेवर काटा आला त्याच्या. डोळे मात्र उघडले नाहीत. का उघडले नाहीत, विचारा. भीती होतीच, पण तिच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते सांगायला लाज वाटेल असं होतं. आठ महिन्यांनी त्याच्या ठोकण्याला कोणीतरी जबाब दिला होता.

टक. प्लेटा लागल्या. कालची उशिरा येणारी आज वेळेवर आली. आणि शेवटची बोटभर जागासुद्धा लिव्हर इतकी सावकाश सुटली की क्लच पूर्ण बसला कधी, ते त्याला कळलंही नाही. एकतीस वर्षं ज्याच्यासाठी बोंबललो ते हेच, धनीरामच्या मनात आलं. आणि लगेच त्याच्या पुढचा विचार आला. तेजराम गेला तर नाही? तिकडे रायपूरला काही बरंवाईट झालं, आणि सवयीनं इकडे आला?

त्यानं ठरवलं, विचारूनच पाहू. लिव्हर दाबायला लावली, टक टक, आणि ती दाबलेली असताना पाइपवर घाईघाईनं सहा वेळा ठोकलं. चहा. तेजराम असता तर लिव्हर तिथल्या तिथे सोडून उठला असता, गाडीला हिसका बसला असता, आणि तो शकुनबाईच्या चहाच्या टपरीकडे निघालाही असता.

लिव्हर सुटली नाही. प्लेटा तशाच सुट्या फिरत राहिल्या. अर्धं मिनिट, एक मिनिट. जो कोणी होता त्याला चहाची खूण ठाऊक नव्हती. तो नुसता धरून थांबला होता, पुढच्या हुकमाची वाट पाहत. धनीरामनं शेवटी एकदा ठोकलं तेव्हा सुटली.

४

रायपूरला लावलेला फोन आठ वेळा वाजला. धनीराम शटरपाशी उन्हात उभा होता. आत इंजिन चालूच होतं, बंद करायला आत जावंसं वाटेना.

"काय बे धन्या!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "मले वाटलं मेला तू!"

धनीराम उंबऱ्यावर बसलाच. "जिता हायेस ना?"

"जिता म्हणजे? आताच सुनेनं तांदळाच्या पिठाच्या मुठ्या वाफवल्या, चार हानल्या. काहून, कोनी काही बोललं का?"

"नाही नाही. असंच विचारलं."

"मागं कोनची गाडी चालू हाये? जुनी वाटते."

धनीरामनं सगळं सांगितलं. बासष्टची गाडी, सात प्लेटा, तुळसाबाईचा मणका. दुसरं काही सांगितलं नाही. तेजराम जुन्या कामाच्या नावानं तरतरीत झाला. "आयकव ना मले. फोन ने कव्हरजवळ."

आता काय करावं? धनीराम आत गेला. फोन स्पीकरवर टाकून कव्हरजवळ बारदान्यावर ठेवला, खाली बसला, डोळे मिटले. टक टक. टक. पुन्हा एकदा, टक टक. टक. फोनमधून काही आवाज नव्हता. रायपूरला एक म्हातारा माणूस श्वास रोखून ऐकत होता.

"वा रे वा!" तेजराम म्हणाला. "लोण्यावानी सोडते. कोनाले ठेवलं बे?"

धनीरामनं पाना बारदान्यावर ठेवला.

"लपवतो काहून? दाबनारा कोन हाये? आपल्या इकडचा नाही वाटत, हात लय शिकलेला हाये. माह्यापेक्षा चांगला." मग तेजरामचा आवाज उतरला. "माह्या जाग्यावर बसवला ना त्याले? बसू दे, बसू दे. मी का आता येतो बे. आता इथंच मरन माह्यं."

"तेजराम, तू ये ना दोन दिवस."

"पोरगा सोडत नाही," तेजराम म्हणाला, आणि सून बोलावते म्हणून फोन ठेवला.

धनीराम इंजिन बंद न करता बसून राहिला. म्हणजे भास नव्हता, कारण भास फोनमधून रायपूरला जात नाही. आणि तेजराम मुठ्या खाऊन मजेत होता. धुरपतानं जन्मात लिव्हरला हात लावला नव्हता. मग ओळखीचं असं मेलेलं उरलं कोण? त्यानं एकेक नाव आठवून पाहिलं. एकालाही क्लच येत नव्हता.

५

शहाण्या माणसानं त्या दिवशीच शटर पाडलं असतं. धनीरामनंही पाडलं, कुलूप लावलं आणि घरी जाऊन भात टाकला. पण भात पुढ्यात घेऊन बसल्यावर त्याला ती नागपूरची खिडकी दिसायला लागली. उद्या शनिवार. काम अजून बाकी होतं, चौथी स्प्रिंग कडक होती. काम झालं नाही तर रुचिता येणार, पिशवी भरणार, आणि मग त्या भिंतीकडे पाहत उरलेलं आयुष्य. आणि काम होणार कसं? त्याच्या एकट्याच्या हातानं होत नव्हतं, हे त्याला आता पक्कं कळलं होतं.

कोण का असेना, त्यानं स्वतःला सांगितलं. त्रास तर देत नाही बिचारा. सोबत होते.

शनिवारी त्यानं भोंग्याची वाटही पाहिली नाही. मिलांच्या घरघरीतच बसला. कव्हर खोलायचं, नट फिरवायचा, बंद करायचं, डोळे मिटायचे, ठोकायचं. सकाळपासून दुपारपर्यंत नऊ वेळा. चौथ्या वेळेपासून तो बोलायलाही लागला. आधी कामाचं, मग खांद्याचं दुखणं, मग धुरपता शेवटच्या आठवड्यात काय म्हणाली ते. हे त्यानं रुचितालाही कधी सांगितलं नव्हतं. वर लिव्हर दाबलेली असायची, आणि त्याचं बोलणं संपून तो ठोकेपर्यंत ती तशीच राहायची. इतकं धीरानं त्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

नवव्या वेळेला सातही प्लेटा एकदम लागल्या. नुसता एक उसासा, आणि चाक फिरायला लागलं. धनीरामच्या अंगावर आनंदाचा शहारा आला. "जमलं!" म्हणून तो ओरडला, आणि ओरडता ओरडता डोळे उघडून वर पाहिलं. पाहायचं नव्हतं, पाहिलं गेलं.

लिव्हर जागेवर होती, हँडलवर कोणी नव्हतं. पण सीटखालच्या त्या दोन जाड स्प्रिंगा पार दबलेल्या होत्या, वेटोळ्याला वेटोळं टेकलेलं. तो बघत असतानाच भिंतीकडची स्प्रिंग उठली, मग अलीकडची. कोणीतरी भिंतीच्या बाजूनं उतरलं होतं. गाडी आणि भिंत यांच्यात वीतभरही जागा नव्हती.

सीट किती खाली गेली होती ते त्याच्या डोळ्यांत राहिलं. त्या स्प्रिंगा त्याला माहीत होत्या. तो आणि तेजराम दोघं मिळून बसले असते तरी त्या इतक्या दबल्या नसत्या.

६

रविवारी अश्वजितनं शेडसमोरून फोन केला. काल संध्याकाळी गाडी नेली होती, आज म्हातारीला नाकाडोंगरीहून फिरवत फिरवत इथवर घेऊन आला होता, दाखवायला. धनीराम घरून धावत गेला. तुळसाबाई पांढऱ्या लुगड्यात मागच्या गादीवर ताठ बसली होती, एक हात मुलाच्या खांद्यावर.

"भाऊ," ती म्हणाली, "हे असते तं त्यायचा विश्वास नसता बसला. सुरू झाली कवा, चालली कवा, काहीच समजलं नाही मले. मणका तं सोडा, पदरही हलला नाही."

"बरं झालं बाई."

"खरंच एकट्यानं केलं का काका?" अश्वजितनं विचारलं. त्याच्या मागे धनंजय दूधवाला उभा होता, आपली जुनी गाडी हातानं ढकलत आणलेली. तोही ऐकत होता.

"हाव," धनीराम म्हणाला. "एकट्यानंच."

म्हणताना त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव ठोकल्यासारखं वाटलं. रुचिताचा फोन आला, तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "जिंकले बाबा तुम्ही. राहा मंग तिथंच." तिच्या आवाजात राग होता की रडू, ते कळलं नाही. त्याला मात्र जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

धनंजयनं गाडी आत लावून ठेवली, म्हणाला, माझाही क्लच तसाच करा, घाई नाही. सगळे गेले. शेडमध्ये संध्याकाळचा अंधार जमत होता, गाडी स्टँडवर उभी होती आणि टिनावर कोंडा बारीक पावसासारखा वाजत होता. धनीराम शटरला हात लावून उभा राहिला. उद्यापासून काय? उद्यापासून पुन्हा पंक्चर, पुन्हा ऑइल, आणि पुन्हा कोणी नाही. आत तोंड करून तो हळूच म्हणाला, "उद्या ये बाप्पा. काम हाये."

आणि कुलूप लावलं.

७

सोमवारी तो शकुनबाईच्या टपरीपाशी पोचला तेव्हा नऊला दहा कमी होते. शकुनबाईची टपरी गॅरेजच्या बरोबर समोर. ती चहा गाळत होती, त्याला पाहून गाळणी तशीच धरून राहिली.

"भाऊ, तुमी बाहेर? मंग आत कोन हाये?"

"आत कोन असंन?"

"आठ वाजतापासून गाडी चालू हाये ना. टकटक, टकटक लावली हाये मघापासून. मले वाटलं तुमीच लवकर आले."

कुलूप शटरला जसंच्या तसं होतं. आतून इंजिन ऐकू येत होतं, रेस थोडी वाढवलेली, त्याच्याच पद्धतीनं. धनीराम चावी हातात घेऊन उभा राहिला. साडेदहाची गाडी मिळाली असती. तुमसर रोड स्टेशनला ऑटोनं जायचं, दुपारपर्यंत नागपूर. रुचिता काही बोलली नसती, जेवायला वाढलं असतं. पण शकुनबाई पाहत होती, आणि स्वतःच्या गॅरेजसमोरून पळून जाताना माणूस काय सांगणार? त्यानं कुलूप काढलं.

धुरानं डोळे चुरचुरले. धनंजयची गाडी स्टँडवर उभी होती, मागचं चाक संथ फिरत होतं. बारदान्यावर तिच्या जुन्या प्लेटा ओळीनं मांडलेल्या, लहान-मोठ्या, पुसून. कव्हर बंद होतं. कव्हरच्या खाली, जिथे तो स्वतः बसायचा तिथे, पेचकस होता. टोक कव्हरला टेकलेलं, मूठ वर हवेत, एका जागी घट्ट. इंजिनाच्या हादऱ्यानं सगळं थरथरत होतं, कान लावलेली ती मूठ तेवढी थरथरत नव्हती.

त्यानं डोळे मिटायला पाहिजे होते, मिटले नाहीत. पाइपवर आवाज आला.

टक टक.

"मी नाही," धनीराम म्हणाला. "मी खाली बसतो. लिव्हर मले नाही जमत."

टक टक. ह्या वेळी जोरात.

तो सीटवर कधी बसला ते त्याला सांगता आलं नसतं. सीटवर बसलं की लिव्हर पोटाच्या उंचीला येते, खांदा आड येत नाही. त्यानं ती दाबली. टक. हळूहळू सोडली, अगदी हळू, पण शेवटच्या बोटभर जागेत हात थकला आणि सुटला. गाडीला हिसका बसला.

खाली शांतता झाली. इंजिन चालू असताना शांतता कशी होईल, पण झाली. कोणीतरी कान काढून वर पाहावं तशी.

टक टक.

त्यानं पुन्हा दाबली. बोटांना कळा लागल्या होत्या. खिशात फोन वाजला, रुचिताच, ह्या वेळेला तीच करते. उजवा हात मोकळा होता. खिशापर्यंत नेता आला असता. त्यानं तो रेसवर ठेवला होता, तिथून उचलला गेला नाही. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा बंद झाला.

शटरच्या उजेडात शकुनबाई आली, हातात ग्लास. धुरात तिला नीट दिसत नसावं. "भाऊ, चहा आणला. एकटेच हाये ना?"

"ठेव तिथं," धनीराम म्हणाला. आवाज त्याचाच होता. "काम चालू हाये."

ती ग्लास ठेवून गेली. चहावर हळूहळू साय धरली, सायीवर कोंडा बसला. बाहेर मिला घरघरत होत्या. मग एकचा भोंगा झाला आणि त्या एकेक करून थांबल्या. धनीरामच्या डाव्या हाताला आता काही जाणवत नव्हतं. लिव्हर तो तशीच दाबून बसला होता, नजर समोरच्या भिंतीवर, कान खाली. सोडायची ती एक टक अजून आली नव्हती.